जावईबापूंबरोबर ब्रेकर पाडायला

आमच्या कराडच्या महिला मंडळात एक रिवाज आहे. प्रवासाहून आलेल्या बाईने पुढच्या बैठकीत काय काय पाहिलं ते सगळ्यांना सांगायचं. आत्तापर्यंत आम्ही काशी ऐकली, केरळ ऐकलं, आणि जोशीकाकूंची दुबई तर इतक्या वेळा ऐकली की तिथले रस्ते आम्हाला पाठ झालेत. या खेपेला पाळी माझी होती आणि मी गेले होते चाकणला. "चाकणला काय पाहायचं? कांदे?" असं मला तोंडावर विचारण्यात आलं. म्हणून हे लिहून काढते आहे. तोंडाने सांगायला गेले तर मला मधेच हसू फुटतं आणि गोष्ट अर्धी राहते.

खरं म्हणजे मी सहलीला गेलेच नव्हते, निवाडा करायला गेले होते. माझी मुलगी स्नेहल आकुर्डीला राहते. तिचे यजमान महेशराव तिथल्याच एका कंपनीत कायम नोकरीला होते. ती चांगली नोकरी त्यांनी सोडली आणि स्वतःचा धंदा काढला. धंदा कसला, तर कारखान्यांतले मोठमोठे सर्किट ब्रेकर तपासायचे. त्यासाठी लागणारं यंत्रसुद्धा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ठाण मांडून त्यांनी स्वतः बांधून घेतलं. स्नेहलची झोप उडाली. शेवटी नवराबायकोत असं ठरलं, की येत्या रविवारी चाकणच्या एका कारखान्यात मोठं काम आहे, ते जमलं तर धंदा चालू ठेवायचा. फसलं तर सोमवारी जुन्या साहेबांना भेटून नोकरी परत मागायची. "तू ये आणि त्यांना आधीच समजाव," स्नेहल फोनवर म्हणाली. "तुझ्या शब्दाबाहेर ते नाहीत."

हे मात्र खरं. लग्न झाल्यापासून महेशरावांनी मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. मी काहीही म्हणावं, त्यावर "हो आई", "बरं आई", "छान झालंय आई" एवढंच उत्तर. असा जावई मिळाला म्हणून मंडळात माझा भाव वधारलेला आहे. त्यामुळे दोन गोड शब्दांत काम होईल अशा भरवशावर मी पिशवी भरली आणि एसटीत बसले.

शनिवारी दुपारी वल्लभनगरच्या स्टँडवर उतरले तर महेशराव टेम्पो घेऊन हजर. टेम्पोच्या हौद्यात ताडपत्रीखाली काहीतरी भलंमोठं दडवलेलं होतं. "ते काय?" विचारलं तर लाजून म्हणाले, "आई, तेच ते. मशीन." नव्या सुनेची ओळख करून द्यावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. वाटेत पिंपरी कॅम्पात थांबून त्यांनी मला दालपकवान (कडक तळलेली मोठी पुरी आणि वर हरभऱ्याची डाळ) खाऊ घातलं. पुरीचा पहिला तुकडा मोडला तो उडून शेजारच्या माणसाच्या चहात पडला. तो माणूस भला होता. "राहू द्या मावशी, बुडवून खातो," म्हणाला आणि त्याने खरंच खाल्ला. शहर मला तिथेच आवडलं.

रविवारी सकाळचा बेत साधा होता. महेशराव आणि त्यांचे जोडीदार दत्ताभाऊ कामावर जाणार, आणि जाताना मला चऱ्होलीला माझ्या मावसबहिणीकडे सोडणार. दत्ताभाऊ मूळचे बीडकडचे, चाळिशीचे, टेम्पोही तेच चालवतात आणि यंत्राची जोडणीही तेच करतात. मी पुढे दोघांच्या मधे बसले, मांडीवर डबा. आकुर्डीहून निघालो तेव्हा थंडी बऱ्यापैकी होती आणि रस्ता रिकामा. चऱ्होलीत मात्र मी बहिणीचं घर ओळखलंच नाही. मागच्या वेळी तिच्या अंगणातून ज्वारीचं शेत दिसत होतं, आता तिथे स्विमिंग पूल असलेली इमारत उभी होती आणि फाटकावरचा माणूस मला विचारत होता, "कुठली विंग?" घराला कुलूप. फोन केला तर बहीण म्हणाली, "अगं, आम्ही लग्नाला आलोय नगरला. तू आज व्हय येणार व्हतीस?"

मला परत आकुर्डीला सोडायला वेळ नव्हता. महेशराव घड्याळाकडे बघायला लागले. मग दत्ताभाऊच म्हणाले, "कामून टेन्शन घेता सायेब? मावशीला घिऊनच जाऊ की. खुर्ची टाकून बसतेल."

माझ्या मनात तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दिवसभर जावई हाताशी. समजवायला याहून चांगला मुहूर्त कुठला? मी म्हटलं, "चला."

आळंदीला बगल देऊन चाकणच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता म्हणजे कंटेनरचं माहेर. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन जाणारे लांबच लांब ट्रक, त्यांच्यामधून कांद्याच्या गोण्यांचे ट्रॅक्टर, आणि दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांचे कारखाने. मधेच एखादं शेत राहिलं होतं, त्यात एक माणूस बैल धूत होता आणि त्याच्या मागे भिंतीवर जपानी अक्षरं. दत्ताभाऊ एकेका कारखान्याचं नाव आणि तिथे जेवण कसं मिळतं ते सांगत होते. कुठे काय बनतं याची त्यांना फारशी फिकीर नव्हती.

कारखान्याच्या फाटकावर आमची वरात अडली. तिथल्या रखवालदार बाई कडक इस्त्रीच्या. त्यांनी महेशरावांचा आणि दत्ताभाऊंचा पास काढला आणि माझ्यावर नजर रोखली.

"या कोण?"

"माझ्या सासूबाई," महेशराव म्हणाले.

"कामाला?"

"नाही, म्हणजे... सोबत."

बाईंनी आत फोन लावला. "सर, टेस्टिंगवाल्यांची सासू आलीये. घेऊ का आत?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण त्या हसल्या. मग मला डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि पायांत लोखंडी टोकाचे बूट मिळाले. बूट दोन मापं मोठे होते. पाचवारी साडी, खाली ते बूट आणि वर ते हेल्मेट. काचेत स्वतःला पाहिलं आणि मला इतकं हसू आलं की हेल्मेट नाकावर आलं. बाईंनी मला एक फोटो काढून दिला. तो मंडळात दाखवणार आहे, दुबईच्या उंटाच्या फोटोशेजारी ठेवून.

आत पहिल्यांदा भेटले ते शेळके. कारखान्याच्या वीजविभागाची देखभाल त्यांच्याकडे. मूळ तिथल्याच गावचे, कारखाना उभा आहे ती जमीन एके काळी त्यांच्या चुलत्यांची होती. त्यांचं एक वेड मला लगेच कळलं आणि तेच माझंही वेड असल्यामुळे आमचं जमलं. त्यांना पसारा सहन होत नाही. त्यांच्या पॅनेल रूममध्ये (कारखान्याची सगळी वीज वाटून देणारी कपाटं जिथे असतात ती खोली) फरशीत तोंड दिसत होतं. झाडूची जागा आखलेली, खुर्चीची जागा आखलेली, कचऱ्याच्या डब्याभोवती पिवळा चौकोन. "हिथं फाइव्ह एस हाय ताई," ते अभिमानाने म्हणाले, "म्हंजे टापटीप. बाहेरनं ऑडिटवाले येत्यात, बोट फिरवून बघत्यात." मी भिंतीवरून बोट फिरवलं. स्वच्छ. माझ्या आयुष्यात मला भेटलेला हा पहिला पुरुष, ज्याच्या हाती मी माझं स्वयंपाकघर निर्धास्त सोपवलं असतं.

आज रविवार म्हणून शटडाऊन (सगळी वीज बंद ठेवून करायचं काम) होता, यंत्रापुरती वीज तेवढी जनरेटरवरून मिळणार होती. संध्याकाळी पाचला वीज परत द्यायची होती, कारण रंगाच्या भट्ट्या रात्रभर तापवल्याशिवाय सोमवारी गाड्यांचे भाग रंगत नाहीत. यंत्र ढकलत आत आणताना महेशरावांनी मला सगळं समजावलं, आणि मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं की हा माणूस इतकं बोलू शकतो. ब्रेकर म्हणजे घरातल्या एमसीबीचा थोरला भाऊ, फ्रिजएवढा. कुठे काही जळालं, तारा एकमेकींना भिडल्या, की क्षणात वीज तोडायची हे त्याचं काम. ते तो करेल की नाही, हे वेळ येईपर्यंत कळत नाही. त्याच्या आत तांब्याच्या तीन पट्ट्या, एकेका फेजची एकेक, आणि त्यांच्याभोवती कडी असतात. ती कडी प्रवाह मोजतात आणि ब्रेकरच्या मेंदूला कळवतात. इतर तपासणारे छोट्या पेटीने थेट मेंदूलाच चिमटा काढतात आणि मेंदू जागा आहे म्हणून पास करतात. "आमचं मशीन मात्र खरोखरचा हजारो अँपिअरचा प्रवाह पट्टीतून सोडतं. कडी, तारा, मेंदू, हातपाय, सगळ्यांची एकदम परीक्षा."

"आणि शॉक बसला तर?"

"व्होल्ट अगदी थोडे असतात आई. टॉर्चच्या सेलएवढे. पाणी अफाट, पण जोर नाही."

मला आमच्या कृष्णेचा पूर आठवला. अंगणात येतो, हळूच, आवाज न करता, आणि सगळं घर घेऊन बसतो. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

यंत्रापासून ब्रेकरपर्यंत दोन वायरी जातात, एक जायची आणि एक यायची. मनगटाएवढ्या जाड, काळ्या. महेशरावांनी त्या जोडल्या आणि ते दत्ताभाऊंना घेऊन बाहेर गेले, सगळीकडची वीज खरोखर बंद आहे ना, कुलपं लागली आहेत ना ते पाहायला. मागे मी, शेळके आणि त्या वायरी. एकमेकींच्या गळ्यात गळे घालून, वेटोळी घेऊन, चकाकत्या फरशीच्या ऐन मधोमध पडलेल्या.

शेळके म्हणाले, "ह्ये बरं दिसत न्हाई."

मी म्हटलं, "मला मघापासून तेच वाटतंय."

मी पदर खोचला, त्यांनी बाह्या सरसावल्या. एक वायर खोलीच्या डाव्या पिवळ्या रेघेवरून नेली, दुसरी उजव्या रेघेवरून, दोन्ही अगदी सरळ. जी जास्तीची उरली तिची मी कुरडईसारखी गोल, घट्ट वेटोळी घातली आणि ती एका पिवळ्या चौकोनात बसवली. शेळक्यांनी फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच तिकडून अंगठे आले. महेशराव परत आले, दारात थबकले. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "छान झालंय आई."

आता कारखान्याचे मोठे साहेब आले, पाटणकर म्हणून. उंच, घड्याळाकडे बघत बोलणारे. "हं, दाखवा तुमची जादू," म्हणाले. महेशरावांनी यंत्राचा गोल दांडा हळूहळू फिरवायला घेतला. यंत्र गुणगुणलं. मीटरवरचा आकडा चढला, चढला, आणि हव्या त्या आकड्याच्या निम्म्यावर येऊन बसला. दांडा शेवटपर्यंत गेला तरी आकडा हलेना. एवढ्या प्रवाहाला ब्रेकर ढिम्म. त्याला ट्रिप व्हायचं, म्हणजे वीज तोडायचं, कारणच नव्हतं.

महेशरावांनी बंद केलं, नटबोल्ट आवळले, पुन्हा लावलं. तेच. टोकं घासून लख्ख केली. तेच. दत्ताभाऊंनी यंत्राची वीज दुसरीकडून घेतली. तेच. महेशराव कपाळाचा घाम पुसत होते, मधूनच वायरींकडे बघत होते, आणि पुन्हा बोल्ट आवळत होते. दत्ताभाऊही एकदा वायरींकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, आणि मग छताकडे.

पाटणकर साहेब म्हणाले, "मशीन घरगुती आहे म्हणे. कमी पडतंय बहुतेक. जेवून घ्या, नाहीतर मी आमच्या नेहमीच्या लोकांना पुढच्या महिन्यात बोलावतो." आणि गेले.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या लेकीचं म्हणणं आपोआप खरं ठरत होतं, मला एक शब्द खर्चावा लागला नव्हता. पण मी त्या यंत्राकडे पाहिलं, त्याच्यावर महेशरावांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली निळी पट्टी पाहिली, आणि मला एकदम वाईट वाटलं. भोसरीत बसून या माणसाने किती संध्याकाळी या डब्यात घातल्या असतील, असं मनात आलं.

बाहेर कडुलिंबाच्या सावलीत डबा उघडला. भाकरी, पिठलं, ठेचा आणि चाकणचा कांदा, दत्ताभाऊंनी बुक्कीने फोडलेला. कांदा असा की कांद्याची टिंगल करणाऱ्या बाईला आणून भरवावा. महेशराव घास नुसता हातात धरून बसले होते. मी ठरवलं, आता बोलायचं. म्हटलं, "महेशराव, मन कशाला जाळता? उद्या जुन्या साहेबांना भेटा. ते घेतील परत. एवढी खटपट केलीत, त्यात कमीपणा नाही."

त्यांनी घास परत डब्यात ठेवला. मी "बरं आई"ची वाट पाहत होते.

"आई," ते म्हणाले, "एक बोलू का? राग मानू नका."

"बोला."

"मशीन कमी पडत नाहीये. वायरी चुकीच्या मांडल्यात. जायची आणि यायची वायर एकमेकींना चिकटून पाहिजे. लांब केल्या, गोल गुंडाळल्या, की त्यांचं चुंबकच प्रवाहाला अडवून धरतं."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. दत्ताभाऊ डब्याच्या झाकणात तोंड घालून बसले होते.

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"आत आल्या आल्या."

"आणि मग दोन तास बोल्ट काय आवळत होता?"

"तुम्ही मांडल्या होत्या," महेशराव म्हणाले. "शेळक्यांसमोर, साहेबांसमोर त्या उचलायच्या म्हणजे... तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, बाकी सगळं घट्ट केलं तर निघून जाईल."

आधी मला राग आला, तो अर्धी भाकरी टिकला असेल. मग मला हसू यायला लागलं आणि ते काही थांबेना. धंदा पणाला, नोकरी पणाला, बायकोची झोप पणाला, आणि हा गृहस्थ सासूबाईंच्या कुरडईला हात लावत नाही. हसता हसता मला ठसका लागला, दत्ताभाऊंनी पाणी दिलं, तेही हसायला लागले, आणि शेवटी महेशरावही. मी त्यांना सांगितलं, "अहो, मी सासू आहे, ऑडिट नाही. उठा."

आत गेलो. वायरी हलवायच्या म्हटल्यावर शेळक्यांनी दोन्ही हात पसरले. "ताई, फोटो गेलाय वर," ते कळवळून म्हणाले. मी म्हटलं, "पसारा होऊ देणार नाही, बघाच तुम्ही." मुलीचे केस मी बारावीपर्यंत विंचरले आहेत. दोन जाड वायरी घेतल्या आणि एकीवर दुसरी पिळत, शेवटपर्यंत दोन पेडांची वेणी घातली. जागोजागी दत्ताभाऊंनी पट्ट्या बांधल्या. वेणी यंत्रापासून ब्रेकरपर्यंत सरळ गेली. शेळक्यांनी मान तिरकी करून पाहिली आणि दुसरा फोटो काढला.

महेशरावांनी दांडा हातात घेतला. पाटणकर साहेबही आले होते, हाताची घडी घालून. पहिली पट्टी, आर फेज. यंत्र गुणगुणलं, मग घुमायला लागलं, आकडा निम्म्यावरून पुढे सरकला आणि सरकतच गेला. माझ्या बुटांतून फरशी थरथरताना कळत होती. वेणीने अंग झाडल्यासारखी उसळी मारली. आणि मग धाड. अशी धाड, की हेल्मेटसकट मी खुर्चीतून उठले. ब्रेकर पडला होता. वीज तुटली, आकडा शून्यावर, यंत्रावरचं सेकंद मोजणारं घड्याळ थांबलेलं.

"बरोब्बर वेळेत," दत्ताभाऊ म्हणाले.

"पुन्हा करा," मी म्हणाले.

दुसरी पट्टी, वाय फेज. पुन्हा तेच घुमणं, पुन्हा धाड. या वेळी मी तयारीत होते तरी उठलेच. टाळ्या वाजवाव्यात असं वाटत होतं, आणि शेळक्यांनी वाजवल्यासुद्धा. उत्सवात तोफ उडवणाऱ्यांना काय मजा येत असेल ते मला चाकणमध्ये कळलं.

तिसरी पट्टी, बी फेज. यंत्र घुमलं, आकडा जिथे जायचा तिथे गेला, घड्याळ धावू लागलं. धावतच राहिलं. आम्ही सगळे 'धाड'ची वाट पाहत दात घट्ट आवळून उभे. वायर तापल्याचा वास आला. धाड नाही. महेशरावांनी दांडा मागे फिरवला आणि बंद केलं. पुन्हा एकदा केलं. पुन्हा नाही.

म्हणजे त्या पट्टीवर काही जळालं असतं, तर हा एवढा मोठा ब्रेकर नुसता बघत उभा राहिला असता.

पाटणकर साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दोन झाले ना व्यवस्थित? मग तिसराही ठीकच असणार. आधीच्या तपासणीत तिन्ही पास होते. चार वाजत आलेत, मला भट्ट्या लावायच्यात. ओके म्हणून टाका. बाकीचे ब्रेकरही तुम्हालाच देतो, माझा शब्द."

महेशरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हे तोंड उघडणं-मिटणं मला आता ओळखीचं झालं होतं. मी मनात म्हणत होते, बोला हो, बोला. एवढं काम देतो म्हणणारा माणूस समोर उभा, पाठीमागे स्नेहल, आणि उद्याचा सोमवार. मला त्या क्षणी निवाडा, नोकरी काही आठवत नव्हतं. फक्त त्यांनी आणखी एकदा मान खाली घालू नये, एवढंच वाटत होतं.

"नाही साहेब," महेशराव म्हणाले.

"काय नाही?"

"ओके म्हणणार नाही. तुम्ही वीज चालू करू शकता, कारखाना तुमचा आहे. पण हा ब्रेकर तिसऱ्या पट्टीवर आंधळा आहे. मला अर्धा तास द्या, कपाटाचं मागचं दार उघडू द्या. नाहीतर मी मशीन उचलतो."

पाटणकर साहेब फोन कानाला लावून बाहेर गेले. दत्ताभाऊंनी हलक्या आवाजात विचारलं, "उचलायचं का सायेब?" महेशराव म्हणाले, "दार उघड."

मागचं दार उघडलं. आत बॅटरीचा उजेड पाडला तर सगळ्या तारा इतक्या देखण्या बांधलेल्या, की मी "वा" म्हणणार होते. एका रेषेत, ठरावीक अंतरावर पांढऱ्या पट्ट्या, कुठे एक तार बाहेर नाही. महेशरावांनी तिसऱ्या कड्याच्या तारेवर बोट ठेवलं. तार ओढून इतकी ताठ बांधली होती, की तिचं टोक खाचेतून अर्धं बाहेर आलं होतं. कडं प्रवाह मोजत होतं, पण मेंदूला निरोपच पोहोचत नव्हता. छोट्या पेटीवाले थेट मेंदूपाशी जात, त्यामुळे त्यांना हे दिसणं शक्य नव्हतं.

शेळके खाली वाकून पाहू लागले. "ह्ये मीच बांधलंय," ते म्हणाले. "ऑडिट व्हतं तवा. किती झ्याक दिसतंय बगा." त्यांनी बोटाने ती तार चाचपली. "हिथं रोज मी आन माझी पोरं उभी असत्यात."

मी त्यांच्या शेजारी वाकले आणि म्हटलं, "शेळके, माझी कुरडई आणि तुमची ही ताठ तार. आपण दोघं सारखेच." ते कसनुसं हसले. पट्टी त्यांनी स्वतःच कापली, तार सैल केली, आणि महेशरावांनी टोक खाचेत टिचकी वाजेपर्यंत दाबलं.

दार लावलं. यंत्र घुमलं. आकडा चढला. मी डोळे मिटून घेतले होते.

धाड.

पाटणकर साहेब दारात उभे होते, कधी आले ते कळलं नाही. भट्टीवाल्यांना थांबा म्हणून सांगायला गेले होते म्हणे. ते ब्रेकरपाशी आले, त्याच्या पत्र्यावर त्यांनी हात ठेवला. मग महेशरावांना म्हणाले, "बाकीचे सगळे असेच तपासायचे. रविवारी येत जा. आणि मी ओके म्हणा म्हटलं तर आजच्यासारखंच सांगत जा."

पाचच्या आधी वीज आली. भट्ट्यांचा आवाज सुरू झाला, खोलीतले दिवे एकेक करून लागले, आणि शेळक्यांनी कँटीनमधून सगळ्यांना चहा आणि गरम भजी मागवली. भजी कांद्याचीच होती.

परतीच्या वाटेवर मोशीपाशी अर्धा तास अडकलो. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दत्ताभाऊ तोंडाने धाड धाड आवाज काढून तिन्ही फेज पुन्हा पुन्हा पाडत होते आणि शेजारचा ट्रकवाला आमच्याकडे बघत होता. महेशराव अखंड बोलत होते. वायरींबद्दल, पुढच्या यंत्राबद्दल, भोसरीच्या वर्कशॉपबद्दल. मी मधे बसून ऐकत होते.

घरी स्नेहल दारातच उभी. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "समजावलंस?"

"नाही," मी म्हटलं. "मलाच समजावलं."

महेशराव तिला म्हणाले, "उद्या मी साहेबांकडे जाणार नाही." आणि मग सगळं सांगितलं, ओके म्हणायला सांगितलं होतं तेही, नाही म्हटलं तेही. स्नेहल ऐकता ऐकता खाली बसली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "तुम्ही?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "तुम्ही म्हणालात असं? तोंडावर?"

एवढा आनंद झाल्यावर गोड करायला नको? मी थकलेली असूनही शेवयाची खीर केली, वेलदोडा, जायफळ, वर तूप. महेशरावांच्या ताटाशी वाटी ठेवली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई, राग मानू नका. मला शेवयाची खीर आवडत नाही."

स्नेहलचा हात हवेतच राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लहानपणापासून."

लग्नापासूनचे दिवाळसण, वाढदिवस, धोंड्याचा महिना, सगळ्या वाट्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा वाढलेली. मी ती वाटी उचलली आणि स्वतःच खाल्ली. छान झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने कराडला परत आले. बस कात्रजचा घाट चढेपर्यंत मी एकटीच हसत होते, शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना. बरं वाटतच होतं. इतकी वर्षं मी ज्याला जावयाचा चांगुलपणा म्हणून मिरवत होते, ते त्या माणसाने माझ्यापासून राखलेलं अंतर होतं. माझ्या घरात माझ्यासमोर तो पाहुण्यासारखा बसत होता, आणि मी त्यावर खूश होते. आता तो घरचा झाला, आणि त्यासाठी मला चाकणला जावं लागलं.

घरी आले तर हे झोपाळ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले. आमच्या लग्नाला आता खूप वर्षं झाली. पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मग? जावईबापू जाणार ना परत नोकरीला?"

"नाही म्हणाले."

"तुला?" त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तोंडावर?"

"दोनदा. एकदा नोकरीला आणि एकदा खिरीला."

"आणि तू काय केलंस?"

"मला बरं वाटलं," मी म्हटलं. आणि खरंच तसं होतं, अजूनही होतं.

ह्यांनी जमिनीला पाय टेकले. झोपाळा थांबला. वर्तमानपत्राची त्यांनी नीट घडी घातली, बाजूला ठेवली आणि घसा साफ केला.

"मग मीही एक बोलू का?" ते म्हणाले. "राग मानणार नसशील तर."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसले.